भाकरीची मन्नत

माझी जीभ तिखट आहे, हे अकोल्यात सगळ्यांना माहीत आहे. पोटाचे आजार दुर्बिणीने बघणारी डॉक्टर म्हणून मला जितके लोक ओळखतात, त्याहून जास्त लोक 'ते डाक्टरीन कचकच करते, पन खोटं बोलत नाई' म्हणून ओळखतात. ही ओळख मला आवडायची. पेशंटला गोड बोलून बाहेर बसवायचं आणि नातेवाइकाला जिन्याखाली गाठून खरं सांगायचं, हा प्रकार मला कधी जमला नाही. कॅन्सर असेल तर मी कॅन्सर म्हणते. दारूने यकृत गेलं असेल, तर ज्याचं गेलं त्यालाच सांगते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर पाण्याचा ग्लास पुढे करते, पण सांगितलेलं मागे घेत नाही.

बिल्कीस माझ्याकडे आली, ते वर्ष २००५. रमजान ईद होऊन गेली होती. तिच्यासोबत नवरा साजिद होता आणि सासरे अब्दुल गफ्फार होते. सासरे दाराबाहेर चपला काढून आत आले, खुर्ची देऊ केली तरी बसले नाहीत. बिल्कीसच्या हातात पितळी वाटी होती. थुंकीसुद्धा खाली उतरत नव्हती, म्हणून ती दर मिनिटाला त्या वाटीत थुंकत होती आणि पदर आडवा धरत होती. सरकारी दवाखान्यात जीव वाचला होता, पण जखमा भरता भरता अन्ननलिका आतून आवळत गेली होती. आधी भात अडकायला लागला, मग पेज, आणि आता पाणी.

मी कागद बघितले. तेजाब, म्हणजे ॲसिड.

त्या वर्षांत वऱ्हाडात कुणी काही प्यालं, की ते मुद्दामच प्यालं असं धरून चालायची सगळ्यांना सवय झाली होती. मलाही झाली होती. आठवड्यात एखादा तरी फवारणीचं औषध पिऊन दवाखान्यात यायचा, नि बहुतेक परत जायचे नाहीत. बाई प्याली असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला. मी तो साजिदकडे बघत विचारला, "कुणी पाजलं, की हिनंच घेतलं?"

साजिदने मान खाली घातली. उत्तर सासऱ्यांनी दिलं.

"मी भरून ठेवली होती बाटली, म्याडम. माह्याच हातानं."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. तेल्हाऱ्यात त्यांचं सरकी साफ करून द्यायचं काम. पाकिटातलं महागडं बियाणं लागोपाठ दगा देऊन गेलं, तेव्हा पुष्कळ शेतकरी पुन्हा घरची सरकी राखायला लागले होते. सरकीवर कापसाची बारीक लव राहते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि पेरताना हातातून सुटत नाहीत. गफ्फारचाचा ती लव तेजाबाने जाळून, सरकी धुऊन, काळी कुळकुळीत करून देत. हंगाम संपला, थोडं तेजाब उरलं. कॅन खालून पाझरायला लागली. काचेला तेजाब काही करत नाही, म्हणून त्यांनी ते सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवून दिलं. फळी उंच होती, एवढाच त्यांनी विचार केला.

रमजानमध्ये मगरिबची अजान झाली तेव्हा भारनियमन सुरू होतं. दस्तरखानावर घरातली सगळी माणसं, पाच वर्षांची नातही बसलेली. सरबत संपलं, म्हणून बिल्कीस दुसरी बाटली आणायला आत गेली. घरच्या सुनेचा रोजा सगळ्यांना वाढून मग सुटतो. हिचा घसा दिवसभराचा कोरडा. अंधारात हाताला लागली ती बाटली घेतली, बाहेर नेण्याआधी तिथेच उभ्या उभ्या 'बिस्मिल्ला' म्हणत एक घोट घेतला.

"तो घोट तिनं नसता घेतला, तं ते बाटली भायेर आली असती," गफ्फारचाचा म्हणाले. "पोरीच्या गिलासात पडली असती. म्याडम, हे माह्या घरादाराच्या वाट्याचं प्याली."

साजिद रडायला लागला. बिल्कीसने वाटी बाजूला ठेवली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मी त्या तिघांकडे बघत राहिले. मघाचा माझा प्रश्न मला फार लाजिरवाणा वाटला, पण माफी मागायची सवय मला नव्हती. मी म्हटलं, "चला, दुर्बीण टाकून बघू."

अन्ननलिका अशी आवळली की पूर्वी छाती उघडून मोठं ऑपरेशन करायचे. दुर्बिणीने ते टळतं. टाका नाही, कापाकाप नाही, संध्याकाळी पेशंट आपल्या घरी. अरुंद जागेतून एक बारीक तार पोटापर्यंत सरकवायची आणि त्या तारेवरून निमुळत्या नळ्या घालायच्या. आधी बारीक, मग जरा जाड, मग आणखी जरा. एका खेपेला थोडंच ताणायचं. लोभ केला की फाटतं. आणि ताणून सोडून दिलं की पुन्हा आवळतं, म्हणून पंधरवड्याने परत यायचं, पुन्हा ताणायचं. असं महिनोन् महिने. डॉक्टरपेक्षा पेशंटच्या चिकाटीचं काम आहे हे, आणि त्याहून त्याला आणणाऱ्याच्या. मी हे सगळं त्यांना सांगितलं आणि विचारलं, "आणाल का दर वेळी? नेम मोडून चालणार नाही."

"माह्यात जीव आहे तोवर आनीन," गफ्फारचाचा म्हणाले.

तो माणूस शब्दाला पक्का निघाला. संप असो, पूर असो, बाजाराचा दिवस असो, तेल्हाऱ्याच्या बसमधून ही जोडी उतरायचीच. साजिदच्या मागे काम असायचं, त्यामुळे सासरा आणि सूनच यायचे. ती आत, हे बाहेर बाकावर, हातात जपाची तसबी. पहिल्या खेपेनंतर तिच्या घशातून पाणी उतरलं, तेव्हा तिने माझा हात धरून कपाळाला लावला. वाटी सुटली. मग दूध, मग डाळीचं पाणी, मग गाळलेली पेज.

आवाज थोडा परत आला तशी बिल्कीस बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती स्वयंपाकावरच. माझ्याकडच्या गंगूबाई मावशी पेशंटला कुशीवर वळवतात, डोकं धरतात. घशात बधिर करायचा फवारा मारून तो चढेपर्यंत जो वेळ जातो, त्यात या दोघींचं चालायचं.

"वांग्यात तीळ टाकता का तुमी?" गंगूबाई विचारायच्या.

"तीळ नाई. शेंगदान्याचा कूट, अन् जवस. थोडंसंच."

"अन् मीठ?"

"मीठ मोजून नाई पडत, मावशी. मीठ हातानं पडते. माह्या हाताचं मीठ आजवर चुकलं नाई. सासूबाई होत्या तवा त्या म्हनत, बिल्कीसनं आंधयात टाकलं तरी बराबर पडते."

अंधारात, या शब्दावर ती एकदा थांबली आणि मग स्वतःच हसली. मला त्या पोरीचं कौतुक वाटायचं. मी ते तिला कधी सांगितलं नाही. "बडबड पुरे, तोंड उघड," एवढंच म्हणायचे.

उन्हाळा लागला तोवर मऊ खिचडी उतरत होती. माझ्या हिशेबाने सगळं बरं चाललं होतं. पण दर खेपेला जाताना बिल्कीस एकच विचारायची, "भाकर कवा खाऊ देसान?"

"काय भाकर भाकर लावलंय? खिचडी मिळतेय ना?"

"नाई, पन कवा?"

"मी सांगेन तेव्हा."

आणि दर खेपेला गफ्फारचाचा थोडे अधिक वाळलेले दिसायचे. कुर्ता खांद्यावरून लोंबायचा. त्यांना साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. मला वाटलं, दगदगीने असेल. मग एकदा बिल्कीस आत असताना बाहेर बाकावरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. गफ्फारचाचा जमिनीवर होते, घामाने भिजलेले, हात थरथरत होते. रक्तातली साखर तपासली तर तळाला गेलेली. सलाईन लावली, डोळे उघडले. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"दूध घेतलं न."

"आणि काल?"

भिंतीला टेकून उभी असलेली बिल्कीस बोलली. फवाऱ्याने तिचा घसा अजून जड होता, शब्द लडबडत होते. "अब्बा अन्न खात नाईत, बाई. मन्नत हाये त्यायची. मी त्यायच्या समोर बसून अख्खी भाकर खाईन, त्या दिवशी ते अन्नाले हात लावतीन. तवापासून दूध अन् खजुरावर हायेत."

'तवापासून' म्हणजे हिवाळ्यापासून. साखरेचा पेशंट, औषधाची गोळी वेळेवर घेत होता आणि खात काही नव्हता. मी त्यांना काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढं, की गंगूबाईंनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं होतं.

माझ्या त्या रागाला जुनं कारण होतं. माझे वडील कमलाकांत अमरावतीत संस्कृतचे शिक्षक. गावात त्यांचा फार मान. मला ज्याच्याशी लग्न करायचं होतं, तो मुलगा त्यांच्या पसंतीचा नव्हता, तेव्हा ते एक शब्दही वाईट बोलले नाहीत. फक्त जेवायचे बंद झाले. आई ताट वाढायची, तसंच उचलायची आणि माझ्याकडे बघायची. शेजारच्या बायका मला येऊन सांगायच्या, बघ बाई, तुझ्यासाठी बाप वाळून चाललाय. तुझ्यासाठी! मी त्या मुलाला नाही म्हटलं आणि त्या संध्याकाळी वडील आमटीभात जेवले. तेव्हापासून, अन्न सोडणारा माणूस कितीही साधा भाबडा असला तरी माझ्या मस्तकात तिडीक जाते. तो स्वतः उपाशी राहतो आणि त्याचं ओझं दुसऱ्याच्या मानेवर बसतं.

इथे तर सगळं तेल्हारं त्या ओझ्यावर चढून बसलं होतं. बिल्कीसनेच सांगितलं. बाया घरी येऊन म्हणत, असा सासरा नशिबानं मिळते. बसमधला कंडक्टर तिकीट देताना विचारी, झाली का भाकर सुरू? अंजनगाव सुर्जीहून तिचा भाऊ आला, तोही म्हणाला, लवकर बरी हो, बुढा जाईन नाईतर. बरी व्हायची घाई आता तिच्यासाठी कुणाला नव्हती, सगळ्यांना घाई होती ती सासऱ्यांसाठी.

"चाचा," मी जरा शांत झाल्यावर म्हटलं, "तुमच्या उपासानं हिची नळी केसभरही उघडत नाही. ती उघडते माझ्या तारेनं."

"मालूम हाये मले."

"मग कशासाठी?"

"मले घास जात नाई, म्याडम. ते समोर पेज गाळून पेते, अन् मी भाकर मोडू? मन्नत नंतर मानली. घास तं आधीच बंद झाला होता."

मी मार्ग बदलला. म्हटलं, तुमच्या मौलानांना विचारा, तुमच्या धर्मात यातून सुटायची काही वाट असेलच. पुढच्या खेपेला त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की विचारलं. मौलाना म्हणाले, दहा गरिबांना जेवू घाला, कसम उतरते, आणि तुम्ही आजारी, तुम्ही तर जेवलंच पाहिजे.

"मग? घातलं जेवू?"

"घातलं. गरिबायले जेवू घालाले काय जाते. पन मी नाई जेवलो. बाटली मी भरली होती, मौलानानं नाई भरली."

पावसाळा सरत आला. मी बिल्कीसची नळी ताणत होते आणि तिच्या सासऱ्यांच्या गोळ्या कमी करत होते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाट काढत होते, असंच म्हणायचं. दुधात खूप वेळ भिजवून कुस्करलेली पोळी तिला दिली, ती गेली. मला वाटलं, अजून थोडे महिने. अजून थोडे महिने नेम सांभाळला की ही पोरगी भाकर खाईल आणि हा म्हातारा जेवेल, आणि मग मी दोघांनाही एकदा मनसोक्त झापेन.

आणि मग गफ्फारचाचांनी मला सांगितलं की पुढल्या आठवड्यात चांद दिसला की ते रोजे धरणार.

"दिवसभर पाणीही नाही? या अंगावर?" मी म्हटलं. बिल्कीस शेजारीच उभी होती. "चाचा, मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. अन्न न खाता रोजे धरलेत, तर तुम्ही मराल. ईद बघणार नाही."

"अल्लाची मर्जी," ते म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

बिल्कीस मागे थांबली. "खरंच मरतीन?"

"खरंच."

"मंग मी एक भाकर खाऊन पाहू? मऊ करून? लई चावून?"

"एक कणसुद्धा नाही. भाकर कोरडी असते, ती फुगून अडकेल. अडकली आणि तू ओकायला लागलीस, तर नळी फाटेल. नळी फाटली तर मी काही करू शकणार नाही. समजलं?"

तिने मान डोलावली. मला वाटलं, समजलं. आणि तिला समजलंही होतं. दोन्ही गोष्टी मी तिला स्वच्छ, खऱ्या खऱ्या सांगितल्या होत्या. भाकर खाल्लीस तर तू मरशील, नाही खाल्लीस तर ते मरतील. तिने ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि सासऱ्यांच्या मागे बाहेर पडली.

पुढचं मला साजिदने सांगितलं. रमजान लागायच्या आदल्या दिवशी दुपारी बिल्कीसने चूल पेटवली. स्वतः पीठ मळलं, भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली. सासऱ्यांना बोलावून समोर बसवलं. दारात शेजारणी जमल्या. तिने हसत हसत भाकर मोडली. एकेक घास इतका चावला, की गफ्फारचाचा म्हणाले, राहू दे बेटी, अर्धीच पुरे. ती म्हणाली, मन्नत अख्खीची हाये न? दर घासावर पाण्याचा घोट घेत तिने अख्खी भाकर संपवली. शेवटच्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं आहे. मग तिने सासऱ्यांच्या ताटात वाढलं. म्हणाली, आता तुमी.

गफ्फारचाचा हमसून हमसून रडले आणि जेवले. मोहल्ल्यात साखर वाटली. बाया तिच्या गळ्यात पडत होत्या.

शेवटचा घास उतरलाच नव्हता. भांडी घासायच्या निमित्ताने ती मोरीवर गेली आणि पदर तोंडात कोंबून, आवाज न होऊ देता तो घास बाहेर काढायला बघत राहिली. वर येईना, खाली जाईना. कुणाला हाक मारली असती तर सासऱ्यांना कळलं असतं. कळलं असतं तर त्यांनी जेवलेलं ओकून टाकलं असतं, असं तिला वाटलं. छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं तेव्हाही ती बोलली नाही. रोजा सुरू व्हायच्या आधीची, पहाटेची सहरी तिनेच रांधली. दुपारी तिला उभं राहवेना, तेव्हा साजिदने गाडी केली आणि गाडीत तिने त्याला हे सगळं सांगितलं.

मी तिच्या मानेला हात लावला. फाटलेल्या नळीतून कातडीखाली हवा शिरली होती, बोटाखाली चुरचुर लागली. ती चुरचुर लागली की दुर्बीण खाली ठेवायची असते. महिनोन् महिने केसाकेसाने उघडलेली ती वाट माझ्या बोटांखाली संपली होती, आणि मला त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी तिला म्हटलं, "काय सांगितलं होतं मी तुला?"

"अब्बा जेवले, बाई," ती म्हणाली. त्या अवस्थेत तिच्या तोंडावर समाधान होतं. मी दोन सलाईनी लावल्या आणि तिला नागपूरला पाठवलं.

ती वाचली. नागपूरच्या सर्जनांनी छाती उघडून सडलेली अन्ननलिका काढून टाकली, मानेला एक भोक केलं, लाळ त्यातून पिशवीत यायची, आणि पोटावरून आतड्यात एक रबरी नळी बसवली. दूध, पेज, जे काय असेल ते त्या नळीतून. पुढे मोठ्या आतड्याचा तुकडा वापरून नवी अन्ननलिका करता येते. पण तिच्या अंगात तेवढा जोर यायला हवा होता, आणि तो काही केल्या आला नाही. सर्जन दर वेळी म्हणत, पुढच्या वर्षी बघू.

माझ्याकडे तिला आता यायचं कारण उरलं नव्हतं. काही वर्षांनी तेल्हाऱ्यात एका शिबिराला गेले होते, तेव्हा गंगूबाई मागे लागल्या, म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. अंगणात तेजाबाची कॅन नव्हती, सरकी धुवायचा टब नव्हता. ते काम चाचांनी बंद केलं होतं. साजिद कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला होता.

बिल्कीस चुलीपुढे बसली होती, मानेभोवती ओढणी गुंडाळलेली. मला बघून उठली, खूश झाली. म्हणाली, जेवूनच जायाचं, बाई, आज नाई म्हनू नोका. गफ्फारचाचा आतून आले. अंगाने भरले होते. चेहऱ्यावर तेज म्हणावं असं काही नव्हतं, पण माणूस जिवंत होता, धडधाकट होता. त्यांनी मला सलाम केला आणि नजर वळवली.

ताटं वाढली. भाकर, वांग्याची भाजी, कांदा. बिल्कीस चाचांच्या समोर मांडी घालून बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तिच्या शेजारी पेल्यात पातळ पेज होती, तिच्या नळीसाठी. चाचांनी भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला आणि तसाच बसून राहिले.

"खा न, अब्बा."

"भूक नाई, बेटी."

"मन्नत पुरी झाली न तुमची? मंग खा. मी पाहून राहिली."

त्यांनी घास तोंडात घातला. चावायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते चावत होते. गंगूबाईंनी मला हळूच सांगितलं, रोज असंच चालतं म्हणे. ती समोर बसल्याशिवाय ते जेवत नाहीत, आणि ते जेवल्याशिवाय ती नळीत काही घेत नाही. माझ्या वडिलांची आठवण झाली. ते जेवले त्या संध्याकाळी मीही अशीच समोर बसले होते, पण माझ्या मनात नुसता राग होता. हिच्या मनात राग नव्हता. मी शोधून बघितला, नव्हताच. मी खाली ताटाकडे बघितलं.

"अब्बा, मीठ बराबर हाये?" बिल्कीसने विचारलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडात काही घेऊ नको म्हणून सांगितलं होतं. आता ती सांगितलेलं सगळं पाळत होती, बोटाचं टोकसुद्धा जिभेला लावत नव्हती.

"बराबर हाये," गफ्फारचाचा म्हणाले.

"हे तं रोजच बराबर म्हनतेत," ती माझ्याकडे वळून हसली. "बाई, तुमी सांगा. तुमी खोटं नाई बोलत."

मी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं, टाकायचंच राहून गेलं होतं. मी चाचांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी दुसरा घास मोडला होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझ्या हाताचं मीठ कधी चुकतं का?"

ती खूश झाली आणि तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.